वासराला चीक, मग बाळाला का नको?

म्हैस व्यायली, पारडू धडपडत उभे राहिले, की जाणता शेतकरी आधी त्याचे तोंड आचळाला लावतो. चीक पोटात गेला नाही तर पारडू टिकत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. उरलेल्या चिकाचा खरवस होतो आणि शेजारीपाजारी वाटला जातो. पण त्याच घरात सून बाळंत होते तेव्हा काय घडते? तिचा पिवळसर, दाट चीक 'बाळाला जड जाईल' म्हणून काही घरांत पिळून टाकला जातो. बाळाच्या तोंडात मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांतच नव्हे, तर महाराष्ट्रात इतरत्रही ही समजूत आढळते. म्हणून या चिकापासूनच सुरुवात करू या.

वासरू आईच्या पोटात असताना त्याला तिच्या रक्तातली प्रतिद्रव्ये मिळत नाहीत. रोगाशी लढण्याची सारी शिदोरी त्याला चिकातूनच मिळते. माणसाच्या बाळाला वारेतून काही प्रतिद्रव्ये आधीच मिळालेली असतात. मात्र ती रक्तात असतात. आतडे, घसा, श्वासनलिका यांच्या आतल्या अस्तरावर पहारा देणारे 'आयजीए' हे प्रतिद्रव्य त्याला चिकातून भरपूर मिळते. आईने ज्या घरात, ज्या गावात आयुष्य काढले, तिथल्या जंतूंची ओळख या प्रतिद्रव्यांना असते. चीक थोडाच येतो, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. म्हणून जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. त्यात कधी कधी घातक जिवाणूंची बीजे असतात.

मग गाईचे दूध पाजले तर काय बिघडते? दोन दुधांची तुलना केली की उत्तर सापडते. गाईच्या दुधात प्रथिने सुमारे 3.3 टक्के, तर आईच्या दुधात सुमारे 1 टक्का. याचा अर्थ आईचे दूध निकस आहे असा नाही. वासराचे वजन दीड-पावणेदोन महिन्यांत दुप्पट होते, बाळाचे व्हायला चार-पाच महिने लागतात. ज्याची वाढ जशी, तसे त्याचे दूध. उलट, लॅक्टोज ही साखर आईच्या दुधात जास्त, सुमारे 7 टक्के असते. याशिवाय त्यात अशा काही शर्करा असतात की ज्या बाळाला पचवताच येत नाहीत! त्या असतात आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंसाठी. हे जिवाणू वाढले की रोगजंतूंना जागा उरत नाही.

यवतमाळात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी आजीला वाटते, बाळाला चमचाभर पाणी तरी द्यावे. पण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. कडक उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत ते पुरते, असे उष्ण प्रदेशांत केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे. वरच्या पाण्याने मात्र पोट भरते, बाळ कमी चोखते आणि पाण्याबरोबर हगवणीचे जंतूही जाऊ शकतात. पाणी प्यायला हवे ते आईने.

'दूध पुरत नाही' ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. दूध तयार होते कसे? बाळ चोखू लागले की तो संदेश मेंदूपर्यंत जातो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके सोडते. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. म्हणजे बाळ जितके चोखेल तितके दूध वाढते. पुरत नाही म्हणून बाटली दिली, की चोखणे कमी होते, म्हणून दूध कमी होते, म्हणून आणखी बाटली लागते. हे चक्र अनेक घरांत सुरू होते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

ऑक्सिटोसिनचे आणखी एक काम आहे. त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कमी होतो. रक्तक्षय असलेल्या बाईला हा मोठाच आधार. पहिले सहा महिने बाळ फक्त अंगावर पीत असेल आणि पाळी सुरू झाली नसेल, तर पुन्हा दिवस जाण्याचा संभव 2 टक्क्यांहून कमी असतो. 2002 साली 30 देशांतल्या 47 अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा असे दिसले, की एकूण जितकी वर्षे पाजले, त्यातल्या दर वर्षामागे स्तनांच्या कर्करोगाचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी होतो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे आणि आईला पाजायला मदत करणे ही त्यांची कामे. 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण तिथे सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते.

पण नुसत्या उपदेशाने भागत नाही. 2017 च्या सुधारित कायद्याने नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या मजूर बाईला ती कोण देणार? वेचणी किलोवर, म्हणजे वावरात नसेल त्या दिवशी मजुरी नाही. बाळ आजीपाशी राहते आणि वरचे दूध सुरू होते. तिने काय करावे? शक्य तर बाळ बरोबर नेऊन सावलीत ठेवावे. नाही तर दूध स्वच्छ वाटीत पिळून, झाकून ठेवावे. 25 अंशांच्या आत ते चार तास टिकते, उन्हाळ्यात इतका भरवसा धरू नये. आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नको.

आणि तिच्या पोटाचे काय? पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात. ही ऊर्जा पावणेदोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाइतकी झाली. राज्याच्या आदिवासी भागांत, त्यात यवतमाळही आले, 2015 साली अमृत आहार योजना सुरू झाली ती याचसाठी. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण द्यावे, अशी ती योजना.

वर्गात एक उपक्रम जरूर करून पाहा. मुलामुलींनी घरी आईला आणि आजीला विचारावे : 'माझ्या पोटात पहिल्यांदा काय गेले? चिकाचे काय केले? आई कामाला कधी गेली?' उत्तरे फळ्यावर लिहावीत, नावे न घालता. कोणाच्याही आईला दोष देऊ नये. मग एकच प्रश्न वर्गापुढे ठेवावा : तिला पाजता यावे म्हणून घरातल्या इतरांनी कोणते काम उचलायला हवे होते? मुलग्यांकडूनही उत्तर मागावे. काही वर्षांनी तेही बाप होणार आहेत.