डोंगर कुठे पळून जातोय? (पहिला कॅमेरा घेताना)

पावसाळा सुरू झाला की होस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास उगवतात. एक म्हणजे बाथरूमच्या भिंतीवरचं शेवाळ, आणि दुसरी म्हणजे "यार, आता एक चांगला कॅमेरा घ्यायचाच" ही घोषणा. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड करून आलेला प्रत्येक ग्रुप आठवडाभर ही घोषणा देत असतो. बहुतेक जण पुढे सबमिशनच्या गर्दीत ती विसरतात. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांनी इंटर्नशिपचं स्टायपेंड बाजूला ठेवलंय, बाकीचे पैसे बाबांकडे मागायचं धाडस केलंय, आणि जे आता दुकानात जाऊन फसायच्या बेतात आहेत!

फसायच्या म्हणजे कोणी लुबाडेल असं नाही. काउंटरवरचा माणूस सांगतो ते सगळं खरंच असतं. सेकंदाला इतक्या फ्रेम्स, डोळ्यावर आपोआप फोकस, फोर-के व्हिडिओ वगैरे वगैरे. प्रश्न एवढाच आहे की यातलं डोंगराला काय लागतं? डोंगर पळून जात नाही. त्याला डोळा नाही. सेकंदाला २० फ्रेम्स मारल्या तर कोकणकड्याचे २० सारखेच फोटो येतील. या सोयी क्रिकेट, लग्न आणि पक्षी यांच्यासाठी आहेत आणि किमतीतला बराच भाग त्यांचाच असतो. लँडस्केपवाल्याला हवा असतो हलणार नाही असा कॅमेरा, कमी आयएसओ, पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत शार्पनेस, आणि उजाडायच्या आधी तिथे पोचलेले आपण. म्हणून पैसे वाटायचा क्रमसुद्धा दुकानातल्यापेक्षा उलटा ठेवायचा. हाच या लेखाचा फंडा.

आधी एक अप्रिय प्रश्न. मोबाइल असताना कॅमेरा हवाच कशाला? फोटो फक्त फोनच्या स्क्रीनवरच बघायचे असतील तर खरंच नको. पैसे वाचवा आणि चार ट्रेक जास्त करा. आजचे फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम्स जोडून जे काढतात ते थक्क करणारं आहे. पण भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढायची असेल, संध्याकाळच्या अंधुक उजेडात काम करायचं असेल, दूरच्या डोंगररांगा जवळ ओढायच्या असतील, तर सेन्सरचा आकार आडवा येतो. हिशेब करून बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६७. फोनमध्ये ज्याची जाहिरात होते तो 'एक इंची' सेन्सर १३.२ × ८.८, म्हणजे ११६. (त्याचा कर्णसुद्धा १६ मिमीच भरतो. 'एक इंच' हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. मार्केटिंगवाले आपल्याआधीही होतेच.)

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं गणित. पहाट आहे, सूर्य अजून वर आलेला नाही. लेन्स १८ मिमीवर, अपर्चर एफ/८, आयएसओ १००. कॅमेरा म्हणतो, मला एक सेकंद द्या. हातात धरून साधारण किती जमतं? नियम असा की फोकल लेंग्थला क्रॉप फॅक्टरने गुणायचं आणि उलटा करायचा. १८ × १.५ = २७, म्हणजे १/३० सेकंद. एक सेकंद आणि १/३० सेकंद यांत सुमारे ३२ पटींचा, म्हणजे ५ स्टॉपचा फरक. तो भरून काढायचे तीन मार्ग. आयएसओ ३२०० करा आणि सावल्यांमध्ये रवा सांडल्यासारखा नॉइज बघत बसा. किंवा एफ/१.४ ची लेन्स घ्या, जी किटच्या लेन्सच्या कितीतरी पट महाग असते, आणि वर जवळचा दगड किंवा दूरचा डोंगर यातला एकच शार्प मिळतो. किंवा ट्रायपॉड लावा. महागड्या मिररलेस बॉडींमध्ये हलणारा सेन्सर सांभाळून घेणारी यंत्रणा असते, तिने हातात धरून अर्धा सेकंदसुद्धा जमू शकतो. पण पहिल्या बजेटमध्ये ती सहसा बसत नाही, आणि चार-पाच सेकंदांचं काम तिच्याही आवाक्याबाहेरचं.

थोडक्यात, ट्रायपॉड म्हणजे पाच स्टॉप. तरीही होतं काय, की ४० हजारांच्या कॅमेऱ्याला लोक दीड हजाराचा काडीपैलवान ट्रायपॉड घेतात. एसओएम कोणी मन लावून ऐकलं असेल तर आठवा. पायाच्या नळीची भिंत तेवढीच जाड धरली तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ मिमीऐवजी २८ मिमी व्यासाची नळी घेतली की ताठपणा दुप्पट होतो. आणि एका टोकाला धरलेल्या दांड्याचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतं. म्हणून मधला खांब वर ओढून उंची वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय. कड्यावरच्या वाऱ्यात तो खांब सरळ थरथरतो. पाय आधी जाडे भाग उघडून लांब करा, बारके शेवटी. शक्य असेल तेव्हा कॅमेरा खालीच ठेवा आणि मधल्या हुकाला सॅक अडकवा, मात्र ती लोंबकळत न ठेवता जमिनीला टेकवून. दुकानात ट्रायपॉड पूर्ण उंचीला उभा करा, वरच्या प्लेटवर हात ठेवून पिळून बघा. पीळ जाणवला तर पुढचा बघा. वजन दीड किलोच्या आसपास असेल तर कुरकुर करू नका. त्याहून बऱ्याच हलक्या ॲल्युमिनियमच्या ट्रायपॉडमध्ये कुठेतरी नळी बारीक केलेली असते. कार्बन फायबर छान असतं, पण ते नोकरी लागल्यावर.

रिमोट घ्यायची गरज नाही. दोन सेकंदांचा टायमर तेच काम करतो.

मग बॉडी कोणती? माझं मत स्पष्ट आहे : सेकंडहँड एपीएस-सी डीएसएलआर. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपलं लक्ष मिररलेसकडे वळवलंय, त्यामुळे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर बाजारात आले आणि किमती उतरल्या. निकॉनचे डी५३०० आणि डी५६००, कॅननचा २००डी हे तिन्ही २४ मेगापिक्सेलचे आणि फिरणाऱ्या स्क्रीनचे. जमिनीलगत ट्रायपॉड लावल्यावर तो स्क्रीन म्हणजे वरदान, नाहीतर चिखलात लोळून फ्रेम बघायची. २४ मेगापिक्सेल पुरतात का? १२ × १८ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयने काढायला ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. पुरतात. मिररलेस हलका असतो आणि पुढच्या नव्या लेन्सेस त्याच्यासाठीच येणार, हे खरं. ज्याचं बजेट दुप्पट आहे त्याने खुशाल तो घ्यावा. पण बजेट ताणून मिररलेस घेतला आणि ट्रायपॉडला पैसेच उरले नाहीत, तर पहाटेचे ते पाच स्टॉप पुन्हा गेलेच.

सेकंडहँड घेताना व्यवहार नेहमी दिवसा करा आणि सोबत टॉर्च न्या. लेन्सचं अपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स फुकट दिली तरी नको. नंतर एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढून स्क्रीनवर मोठा करा. काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण भाव करायला उपयोगी पडते. लेन्सकॅप लावून ३० सेकंदांचा फोटो काढा, म्हणजे रंगीत ठिपक्यांसारखे चमकणारे बिघडलेले पिक्सेल दिसतील. शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचारा आणि मूळ बिल मागा. आणखी एक. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सेस त्यांवर आपोआप फोकस करत नाहीत. आपल्याला ते चालतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठं करून हाताने फोकस करायचा. डोंगर थांबतो.

लेन्सबद्दल मी थोडा उलट्या मताचा आहे. सोबत येणारी १८-५५ ही 'किट' लेन्स हिणवायची फॅशन आहे, पण एफ/८ ला ती व्यवस्थित शार्प असते आणि आपलं ऐंशी टक्के काम एफ/८ आणि एफ/११ लाच होतं. १८ मिमी, एफ/८ ला फोकस साधारण दोन मीटरवर ठेवला की एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प मानता येतं. हे हायपरफोकल अंतराचं गणित एकदा वहीत करून बघा, व्हायवापेक्षा जास्त उपयोगी आहे. मग एफ/२२ का नको? डिफ्रॅक्शन. प्रकाशाच्या बिंदूचा ठिपका सुमारे २.४४ × तरंगलांबी × एफ-आकडा इतका पसरतो. हिरव्या प्रकाशाला एफ/८ वर तो ११ मायक्रॉन, एफ/२२ वर ३० मायक्रॉन, आणि आपला एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. कोणी विचारेल, अन्सेल ॲडम्स आणि मंडळींनी तर १९३२ साली आपल्या गटाचं नावच 'एफ/६४' ठेवलं होतं. बरोबर, पण ते ८ × १० इंचांच्या निगेटिव्ह वापरत. त्यावरून त्याच मापाची प्रिंट काढायची म्हणजे ठिपका मोठा होतच नाही. आपण मात्र २३ मिमीच्या सेन्सरचं चित्र फूट-दीड फुटाचं करतो.

दुसरी लेन्स घ्यायची वेळ आली की सगळे १०-२० मिमीच्या अल्ट्रावाइडकडे धावतात. सह्याद्रीत माझं मत ५५-२०० किंवा ७०-३०० ला. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या पहाटे दऱ्यांमध्ये धुकं भरतं आणि रांगांमागे रांगा फिकट होत जातात. ते दृश्य टेलिफोटोचं आहे. अल्ट्रावाइडमध्ये कळसूबाईचं सुद्धा टेकाड होतं. शिवाय ती लेन्स जवळ काहीतरी भरीव मागते, आणि त्या 'जवळच्या' शोधात माणूस व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कड्याच्या कडेकडे एक एक पाऊल सरकतो. हे गंमत म्हणून लिहीत नाही. पाऊल टाकायचं असेल तेव्हा डोळा कॅमेऱ्यातून काढायचा, आणि पावसाळ्यात कड्याच्या ओल्या गवतावर ट्रायपॉडचा एकही पाय ठेवायचा नाही.

फिल्टर्स. यूव्ही फिल्टर गळ्यात मारला जाईल, त्याला नाही म्हणा. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता. डिजिटल सेन्सरपुढे अल्ट्राव्हायोलेट अडवणारी काच आधीच असते. घ्यायचा तो सर्क्युलर पोलरायझर, कारण संगणकावर नंतर जे करता येत नाही ते हा करतो. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची पांढरी चकाकी तो कापतो (पाण्यासाठी सगळ्यात जास्त ५३ अंशांच्या आसपास, ब्रूस्टरचा कोन!). ताम्हिणीतलं भर पावसातलं जंगल त्याच्याशिवाय राखाडी दिसतं आणि त्याच्यासह हिरवंगार. शिवाय तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे ढगाळ दिवशी धबधबा मऊ करायला अर्ध्या सेकंदाचा शटर तसाच मिळून जातो. दहा स्टॉपचा एनडी म्हणजे १०२४ पट अंधार, १/३० चा शटर ३४ सेकंदांचा होतो. मजा येते, पण तो नंतर घेतला तरी चालेल. अर्धा काळा ग्रॅज्युएटेड फिल्टर मी घेणार नाही. ट्रायपॉडवरून आकाशासाठी एक आणि दरीसाठी एक असे दोन फोटो काढून जोडता येतात. अर्थात रॉ फॉरमॅटमध्ये. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, रॉमध्ये ४०९६ किंवा १६,३८४. कोणताही फिल्टर घेताना लेन्सवर व्यासाच्या चिन्हापुढे लिहिलेला आकडा बघा. शक्य असेल तर ७७ मिमीचा चांगला फिल्टर आणि स्टेप-अप रिंग घ्या, पुढच्या लेन्सलाही तोच चालतो.

पन्नास हजार असतील तर मी असे वाटीन : बॉडी आणि किट लेन्स २८, ट्रायपॉड ९, पोलरायझर ४, जादा ओरिजिनल बॅटरी आणि ३२ जीबीची दोन कार्डं ३, डोक्याला लावायचा टॉर्च आणि पावसाचं सामान १. उरलेले ५ हजार एसटी, जीप आणि गावातल्या जेवणासाठी. डोक्याचा टॉर्च मुद्दाम लिहिलाय. चांगला उजेड सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर असतो, म्हणजे एकतर जाणं किंवा येणं अंधारातच. खास कॅमेरा बॅग मात्र यादीत नाही. नेहमीच्या सॅकमध्ये जाड टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा ठीक राहतो, आणि एसटीच्या रॅकवर कोणाच्या डोळ्यात भरत नाही.

शेवटचं सामान सगळ्यात स्वस्त आणि आपल्याकडे सगळ्यात गरजेचं. पावसात कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड, लेन्सवर हूड, पुसायला आजोबांचा जुना मऊ पंचा. एसी गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा बंद पिशवीतच थोडा वेळ राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. खोलीवर आल्यावर ओली सॅक आणि कॅमेरा वेगळे करा. रात्रभर पंख्याखाली वाळवा आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाकलात तर काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलावा भरला की ते हिरवं पडतं, गरम करून वाळवलं की पुन्हा नारिंगी होतं. गरम करायला मेसमधला तवा मात्र वापरू नका.