वाऱ्याला वाट हवी

उन्हाळ्याच्या दिवसांत, भर दुपारी, बोरघाटासारखा लांब चढ चढताना मोटारीची खरी कसोटी लागते. एंजिनाला सारा जोर लावावा लागतो. वेग मात्र मंद असतो. म्हणजे आत उष्णता पुष्कळ निर्माण होते आणि ती दूर नेणारा वारा थोडा मिळतो. पूर्वी घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून, वाफ ओसरण्याची वाट पाहत थांबलेल्या मोटारी हे नेहमीचेच दृश्य होते. आजच्या मोटारी पुष्कळ सुधारल्या आहेत. तरीही हा प्रश्न अगदीच मिटला आहे, असे नव्हे. काही हौशी लोक त्यावर एक उपाय योजतात. एंजिनावर जे पत्र्याचे झाकण असते, त्या बॉनेटला ते झरोके पाडतात. उपाय दिसायला सोपा आहे. परंतु झरोका भलत्याच जागी पडला, तर एंजिन थंड राहण्याऐवजी अधिकच तापण्याचा संभव असतो. असे का व्हावे, ते आपण पाहू.

एंजिन म्हणजे एक बंदिस्त चूलच होय. तिच्यात पेट्रोल जळते आणि त्या ज्वलनाच्या जोरावर चाके फिरतात. परंतु पेट्रोलमधील सर्व शक्ती काही चाकांपर्यंत पोहोचत नाही. स्थूलमानाने बोलायचे, तर एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी शक्ती उपयोगी पडते. उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तिच्यातील मोठा वाटा धुराच्या नळीतून निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच वाटा एंजिनाभोवती खेळवलेल्या पाण्यात उतरतो. हे तापलेले पाणी पुढच्या जाळीमागे बसवलेल्या रेडिएटरमध्ये येते. तेथे अनेक बारीक नळ्या व त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्यांच्यामधून वारा वाहू लागला की पाण्याची उष्णता वाऱ्याला मिळते आणि निवालेले पाणी पुन्हा एंजिनाकडे जाते.

हे पाणी शंभर अंशांला उकळून का जात नाही, असे तुम्ही विचाराल. तुमच्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर आठवा. झाकण घट्ट असल्यामुळे आतला दाब वाढतो व पाणी अधिक उष्णतामानाला उकळते. रेडिएटरची टोपीही असेच काम करते. तिच्यामुळे वाढलेल्या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. शिवाय हल्ली त्यात एक विशिष्ट द्रवही मिसळतात. त्यामुळे उकळण्याची पायरी आणखी वर जाते. म्हणूनच तापलेल्या एंजिनाची ही टोपी कधीही उघडू नये. ती उघडताच दाब नाहीसा होतो, पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि उघडणाऱ्याचे हात व तोंड भाजून निघते.

आता वाऱ्याचा प्रवास पाहू. पुढच्या जाळीतून आत शिरलेला वारा रेडिएटरमधून जाताना तापतो आणि एंजिनाच्या खोलीत येतो. पण पुढे काय? त्या खोलीत एंजिन, नळ्या, तारा, बॅटरी यांची दाटी झालेली असते. तापलेला वारा बहुधा खालच्या बाजूने, मोठ्या कष्टाने बाहेर पडतो. जुना वारा बाहेर गेल्याखेरीज नवा वारा आत कसा येणार? एकच दार असलेल्या खोलीत बाहेर कितीही सोसाट्याचा वारा असला, तरी आत झुळूक लागत नाही. समोरची खिडकी उघडली की मात्र वारा खेळू लागतो. चुलीवर धुराडे ठेवतात ते याच कारणासाठी. पुष्कळ लोक मोटारीची पुढची जाळी मोठी करण्याच्या मागे लागतात; परंतु उणीव आत येण्याच्या वाटेची नसून बाहेर जाण्याच्या वाटेची असते.

ही बाहेरची वाट बॉनेटवर नेमकी कोठे काढावी? वारा नेहमी अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, हे सूत्र येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कागदाची एक लांब पट्टी घ्या. तिचे एक टोक ओठांच्या खाली धरा. दुसरे टोक आपोआप खाली वाकेल. आता पट्टीच्या वरच्या बाजूने जोराने फुंकर घाला. लोंबणारी पट्टी वर उचलली जाईल. वाकलेल्या कागदाला धरून वळणाऱ्या वाऱ्यामुळे वरच्या अंगाचा दाब कमी होतो आणि खालचा दाब पट्टीला वर ढकलतो. धावत्या मोटारीवरही असेच घडते. वारा नाकाडावरून वळून बॉनेटवर येतो, तेव्हा बॉनेटच्या पुढच्या भागावर दाब कमी असतो. रेडिएटरच्या थोडे मागे, या भागात झरोका ठेवला, तर आतला तापलेला वारा जणू ओढून बाहेर काढला जातो.

बॉनेटच्या मागच्या कडेची गोष्ट निराळी आहे. तेथे उभ्या काचेवर वारा अडतो, साचतो आणि दाब वाढतो. म्हणूनच मोटारीत बसणाऱ्यांसाठी ताजी हवा घेण्याची जाळी बहुधा काचेच्या पायथ्याशी असते. अमेरिकेतील शेव्हरले कंपनीच्या १९६९ सालच्या कॅमॅरो मोटारीसाठी एक खास बॉनेट मिळत असे. त्यावरील उंचवट्याचे तोंड मागे, काचेकडे होते आणि त्यातून वारा बाहेर जात नसे, तर एंजिनाच्या श्वासासाठी आत घेतला जाई! ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे काही लोक बिजागऱ्यांखाली चकत्या घालून बॉनेटची मागची कड उचलून ठेवतात. मोटार उभी असताना त्या फटीतून ऊन हवा वर जाते, म्हणून उपाय साधला असे त्यांना वाटते. परंतु मोटार वेगाने धावू लागली की त्याच फटीतून वारा आत शिरतो, खोलीतील दाब वाढवतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या वाऱ्याची वाट अडवतो.

योग्य झरोक्यांचे एक सुंदर उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीची ई-टाइप मोटार. ती १९६१ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आली. तिच्या लांबलचक बॉनेटवर, जुन्या लाकडी खिडक्यांच्या तिरक्या पट्ट्यांसारख्या झरोक्यांच्या रांगा होत्या. त्या निव्वळ शोभेसाठी नव्हत्या; खाली दडलेल्या सहा सिलिंडरांच्या एंजिनाची उष्णता त्यांतून बाहेर पडे. अशा पट्ट्यांची तोंडे मागच्या बाजूला असतात. पुढून येणारा वारा पट्टीवरून उडी मारून पुढे जातो आणि तिच्या आडोशाला दाब कमी होतो.

समजा, एखाद्याला आपल्या मोटारीला झरोके पाडायचेच आहेत. त्याने प्रथम कातर हाती घेऊ नये. लोकरीचे धागे घ्यावेत. वीतभर लांबीचे तुकडे बॉनेटवर ओळीने चिकटवावेत. मोटार धावत असताना शेजारच्या माणसाने ते पाहावेत. जेथे धागे सरळ मागे झुलतात, तेथे वारा सुरळीत वाहत आहे. जेथे ते थरथरतात किंवा उलटे फिरतात, तेथे तो अडखळत आहे. मग बॉनेट उघडून आतील बाजू तपासावी. तेथील पत्र्याच्या आडव्यातिडव्या कण्या बॉनेटला बळकटी देतात. त्या कापल्या तर पत्रा फडफडेल व अपघातात धोका वाढेल. झरोक्याखाली विजेची जोडणी असेल, तर पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ हवी. मोटारीत मूळ रचनेपासून फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ याची बंधने आहेत. तीही आधी जाणून घेतली पाहिजेत.

एवढे करूनही झरोका सर्व रोगांवरचे औषध नव्हे. रेडिएटर गाळाने तुंबला असेल, पाणी गळत असेल किंवा पंखा बंद पडला असेल, तर आधी तो दोष काढावा लागतो. शिवाय, एंजिन अगदी थंड असणेही बरे नसते. म्हणून पाण्याच्या वाटेवर एक झडप बसवलेली असते. ती साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडू लागते. तोपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. म्हणजे निरोगी मोटारीला झरोके पाडले, तरी उष्णतामानाचा काटा फारसा खाली येणार नाही. लाभ होतो तो दुसऱ्या प्रकारे. रबरी नळ्या, तारांची वेष्टने व बॅटरी यांना कमी उष्मा सोसावा लागून त्या अधिक टिकतात; आणि घाटाच्या चढावर रेडिएटरच्या गाठीशी थोडी शक्ती शिल्लक राहते.

झरोके पाडल्यावर त्यांची परीक्षाही नीट घेतली पाहिजे. आधी व नंतर, त्याच रस्त्यावर, तेवढेच ओझे घेऊन, सारख्याच हवेत मोजमाप केले, तरच लाभ झाला की नाही, हे कळेल. एक दिवस ऐन उन्हात आणि दुसऱ्या दिवशी गार सकाळी मोजून केलेली तुलना म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. पत्रा एकदा कापला की पुन्हा जोडणे कठीण असते. धागे मात्र हवे तितक्या वेळा काढून पुन्हा चिकटवता येतात. म्हणून जो वारा डोळ्यांना दिसत नाही, त्याची वाट आधी शोधावी आणि मगच पत्र्याला हात लावावा.