भराव टळला, बेट वाचले. पण कायमचे नाही!

सात बेटांमध्ये भराव घालून उभ्या राहिलेल्या मुंबईच्या रहिवाशांना समुद्र हटवून जमीन मिळविण्याचा प्रकार नवा नाही. सिंगापूर तर त्यात आपल्याही पुढे आहे. १९६०च्या दशकात सुमारे ५८० चौरस किलोमीटर असलेले या देशाचे क्षेत्रफळ आज ७३० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आहे. अशा देशाने केवळ ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या एका किनाऱ्यासाठी भरावाचा प्रकल्प थांबविला. हे कसे घडले, हे समजून घेण्याजोगे आहे.

सिंगापूरच्या ईशान्येला पुलाऊ उबिन हे सुमारे १० चौरस किलोमीटरचे बेट आहे. चांगी येथून मोटारबोटीने तेथे पोहोचायला १० ते १५ मिनिटे लागतात. एकेकाळी येथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. १९९९मध्ये शेवटची खाण बंद झाली आणि खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी तयार झाली. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा हा सुमारे १०० हेक्टरचा किनारा आहे. तेथे भराव घालण्याचे सरकारने ठरविले होते.

डिसेंबर २०००मध्ये वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक जोसेफ लाय विद्यार्थ्यांसह तेथे गेले असता ओहोटीत उघडी पडलेली जीवसृष्टी त्यांच्या पाहण्यात आली. किनाऱ्यावरील जंगल, खारफुटी, खडक, वाळूचे पट्टे, सागरी गवताची कुरणे आणि प्रवाळांचे तुकडे साचलेला भाग असे सहा प्रकारचे अधिवास येथे एकमेकांना लागून आहेत. तारामासे, समुद्री काकड्या, स्पंज आणि नाना तऱ्हेचे खेकडे तेथे आढळतात. ही माहिती पसरताच निसर्गप्रेमी, संशोधक आणि सामान्य नागरिक पुढे आले. संग्रहालयाच्या अभ्यासकांनी स्वयंसेवकांच्या मदतीने जीवांची नोंद केली. सरकारकडे निवेदने गेली. अखेर काम सुरू होण्याच्या तोंडावर, डिसेंबर २००१मध्ये, भराव पुढे ढकलण्याचा निर्णय जाहीर झाला.

खरा प्रश्न मात्र त्यानंतर उभा राहिला. वृत्तपत्रांतून नाव गाजल्यामुळे चेक जावा पाहण्यासाठी गर्दी लोटली. सागरी गवत आणि वाळूतील जीव पायदळी तुडविले जाण्याची भीती निर्माण झाली. जागा लोकांनी पाहिली नाही, तर ती वाचविण्यासाठी कोणी आवाज उठविणार नाही. आणि सर्वांनी पाहिली, तर ती उरणार नाही, असा हा पेच होता.

सिंगापूरच्या राष्ट्रीय उद्यान मंडळाने त्यावर दोन टप्प्यांत मार्ग काढला. प्रथम ओहोटीच्या वेळी, मार्गदर्शकासोबत, मर्यादित गटांनाच प्रवेश देण्यात आला. नंतर २००७मध्ये खांबांवर उभारलेली सुमारे १.१ किलोमीटरची पायवाट खुली झाली. तिचा एक भाग समुद्रावरून, तर दुसरा खारफुटीतून जातो. जवळच सुमारे २० मीटर उंचीचा मनोरा आहे. १९३०च्या दशकातील एका जुन्या बंगल्याची दुरुस्ती करून तेथे माहिती केंद्र सुरू करण्यात आले. त्यामुळे चिखलात पाय न ठेवताही सर्वसामान्यांना हा किनारा जवळून पाहता येतो.

अर्थात, पायवाटेने सर्व धोके टळत नाहीत. २००६च्या अखेरीस आणि २००७च्या आरंभी झालेल्या अतिवृष्टीमुळे समुद्राच्या पाण्यातील क्षारता घटली आणि येथील असंख्य जीव मृत्युमुखी पडले. पुढे ते हळूहळू परतू लागले. किनाऱ्याला कुंपण घालता येते, पाण्याला नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही उबिनचे स्थान भक्कम नाही. बुकित तिमा किंवा सुंगेई बुलोह यांना मिळालेला राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा उबिनला मिळालेला नाही. विकासासाठी बेटाची गरज भासत नाही तोवर भराव घालणार नाही, एवढेच २००२मध्ये सरकारने स्पष्ट केले होते. म्हणजे निर्णय रद्द झालेला नाही, लांबणीवर पडला आहे. दर शनिवार-रविवारी सायकली भाड्याने घेऊन बेटावर भटकणाऱ्या नागरिकांचे महत्त्व येथेच आहे. ज्या जागेशी शहरवासीयांचा असा नित्याचा संबंध असतो, तिच्यावर भराव टाकणे कोणत्याही सरकारला सोपे जात नाही.