पहिला छोटा कॅमेरा घेताना : बटण दाबल्यावर फोटो किती वेळाने निघतो ते पाहा

पारनेर आणि आसपासच्या गावांतले आपले काही तरुण छोटा डिजिटल कॅमेरा घेण्याच्या विचारात आहेत. कोणाला लग्नाच्या कामात हात घालायचा आहे, तर कोणाला यात्रेतील बैलगाडा शर्यतीचे फोटो काढून गाडामालकांना विकायचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला, तेव्हापासून घाट पुन्हा भरू लागले आहेत. काम आहे, यात शंका नाही. पण घरातली शिल्लक मोडून घेतलेला कॅमेरा बैल पुढे निघून गेल्यावर फोटो काढत असेल, तर तो पैसा पाण्यात गेला असेच समजावे.

मी कापडाचा व्यापारी, फोटोग्राफर नव्हे. परंतु दुकानात मालाचे फोटो काढणे रोजचेच झाले आहे आणि वस्तू हातात घेऊन पारखण्याची सवय जुनी आहे. त्या हिशेबाने चार गोष्टी लिहितो.

सर्वप्रथम, कॅमेरा लागतोच का? साडी, थान, चप्पल, फर्निचर, भांडी अशा स्थिर मालासाठी खिशातला फोन पुरेसा आहे, त्यासाठी कोणीही वेगळा खर्च करू नये. इतकेच नव्हे, चांगला फोन उजेडात स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा चपळही असतो. फोनमध्ये कॅमेरा उघडा असताना तो आतल्या आत सतत चित्रे साठवत असतो आणि बटण दाबताच त्या क्षणाचे चित्र उचलून देतो. फोन कमी पडतो तो लांबच्या दृश्याला आणि संध्याकाळच्या मंडपात. कमी उजेडात फोन अनेक चित्रे एकावर एक जोडून एक फोटो बनवतो, त्यामुळे हलणारा माणूस पुसट येतो. तुमचे काम या दोन जागी असेल तरच पुढचे वाचा.

बटण दाबणे आणि फोटो निघणे यांत जो वेळ जातो, त्याला शटर लॅग म्हणतात. या वेळेचा मोठा भाग कॅमेरा फोकस शोधण्यात घालवतो. स्वस्त कॅमेरे भिंग मागेपुढे करून चित्र कुठे स्पष्ट दिसते ते चाचपतात. महाग कॅमेऱ्यांत सेन्सरवरच अशी व्यवस्था असते की भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचे हे लगेच कळते. याला फेज डिटेक्शन म्हणतात. धावणाऱ्या वस्तूसाठी हाच खरा फरक आहे. डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवातच मुळी संथ होती. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला नमुना बनवला, तेव्हा एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज तो वेळ सेकंदाच्या लहान अंशावर आला आहे, पण सगळ्या कॅमेऱ्यांत सारखा नाही. शिवाय खोक्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत छापतात, हा वेळ बहुधा छापत नाहीत.

तो आपणच मोजायचा. दुकानात जाऊन फोनवर स्टॉपवॉच चालू करा आणि तो काउंटरवर ठेवा. कॅमेरा त्यावर धरा आणि आकडा बरोबर दहावर येताच बटण एकदम पूर्ण दाबा. फोटोत दहा सेकंदांच्या पुढे जितका आकडा दिसेल तितका उशीर. त्यात तुमच्या बोटाचाही उशीर मिसळलेला असतो, म्हणून दहा वेळा करा, सरासरी काढा आणि त्याच हाताने दुसऱ्या कॅमेऱ्यावरही तेच करा. मग बटण आधी अर्धे दाबून धरा, फोकस बसू द्या आणि दहाला पूर्ण दाबा. उशीर बराच कमी झालेला दिसेल. शर्यतीत हीच युक्ती वापरतात. बैल जिथून जाणार त्या जागेवर अर्धे बटण दाबून तयार राहायचे. बारी काही सेकंदांत संपते, त्या वेळी फोकस शोधायला सवड नसते. आणखी दोन गोष्टी पाहा. कॅमेरा बंद असताना चालू करून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो, आणि फ्लॅश लावून एकामागून एक फोटो काढताना मध्ये किती थांबावे लागते. लग्नात हार घालताना फ्लॅश भरण्याची वाट पाहत बसलो तर नवरा-नवरी थांबत नाहीत. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे. गिऱ्हाईकाने थान उलगडून पाहिले म्हणून आपण कधी रागावतो का?

झूमच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. छोट्या कॅमेऱ्यात झूम वाढवला की भिंगातून येणारा उजेड कमी होतो आणि फोटो हलतो. पळत्या मुलाला साधारण १/५०० सेकंद आणि शर्यतीला १/१००० सेकंद वेग लागतो, म्हणजे उजेड भरपूर हवा. इथे सेन्सरचा आकार कामी येतो. साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६ बाय ४.५ मिलिमीटर असतो, तर ज्याला एक इंची म्हणतात तो सुमारे १३ बाय ९. म्हणजे क्षेत्रफळ चौपट.

सोनीचा आरएक्स १०० मालिकेतील सातवा कॅमेरा (२०१९) एक इंची सेन्सरचा आहे, त्यात फेज डिटेक्शन आहे आणि तो सेकंदाला २० फोटो काढतो. वेगासाठी मी त्यालाच पहिला नंबर देईन, पण किंमत ऐकून घाम फुटतो. कॅननचा जी ७ एक्स मार्क ३ त्याच वर्षीचा आणि सेन्सरही एक इंची, पण फोकस चाचपणारा. बसलेल्या पाहुण्यांना उत्तम, शर्यतीला नव्हे. रिकोच्या जीआर ३ मध्ये फोकस ठरावीक अंतरावर आधीच बांधून ठेवता येतो, त्यामुळे तो फार चपळ, पण त्यात झूम नाही आणि अंगचा फ्लॅशही नाही.

बजेट कमी असेल तर जुन्याकडे नजर जाते. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुने कॅमेरे मिळतात. पण सध्या २००० ते २०१० च्या काळातील छोट्या कॅमेऱ्यांची तरुणांत फॅशन आली आहे, त्यामुळे भाव चढले आहेत. ते रंगासाठी घेतात, वेगासाठी नव्हे. त्या काळचे बहुतेक छोटे कॅमेरे संथच. त्यात ऑलिंपस आणि फुजीच्या अनेक कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागते, ते आता नवे बनत नाही. फार जुने असतील तर २ जीबीपेक्षा मोठे कार्ड ते ओळखतही नाहीत. भिंग दोन-चार वेळा बाहेर-आत करून कान देऊन ऐका. खरखर आली तर आत धूळ गेली आहे असे समजा आणि ठेवून द्या. आपल्या कोरड्या भागात ही तक्रार जास्तच.

नव्या कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे. १ जानेवारी २०१९ पूर्वी तो २८ टक्के होता. बिलाशिवाय स्वस्त देतो असे कोणी म्हणाले तर कंपनीची वॉरंटी मिळेल का, ते आधी विचारा. धंद्यासाठी घेत असाल आणि नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घ्या, भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना ती मिळत नाही. आणि कार्डासाठी पैसे वेगळे ठेवा. त्यावर यू ३ ही खूण हवी, नाहीतर सलग फोटो काढताना चांगला कॅमेराही मध्येच अडून बसतो.