थैली कुणाच्या हाती?

हॉवर्थला येणारा प्रवासी लेखिका ब्राँटे बहिणींचं घर बघतो, मागच्या माळरानावरचा वारा खातो आणि परततो. घरासमोरच्या चर्चमध्ये फार तर पाच मिनिटं डोकावतो. यॉर्कशायरच्या या चढावरच्या गावाचे खरे रंगतदार किस्से मात्र त्या चर्चचेच आहेत.

किश्शांची किल्ली एका व्यवहारात आहे. पूर्वी हॉवर्थचं सेंट मायकेल चर्च कागदोपत्री ब्रॅडफर्ड पॅरिशच्या हाताखालचं. पाद्री नेमायचा ब्रॅडफर्डच्या मुख्य धर्मगुरूनं. पण त्याचा पगार निघायचा सोळाव्या शतकात घेतलेल्या एका जमिनीतून, आणि त्या जमिनीचे विश्वस्त होते हॉवर्थचे. शिक्का एकाकडे, थैली दुसऱ्याकडे! विश्वस्तांना माणूस पटला नाही, तर पाद्र्यानं खायचं काय?

१७४२ साली पाद्री म्हणून विल्यम ग्रिमशॉ आला, तो मात्र गावाला पुरून उरला. प्रवचनाआधी तो लांबलचक स्तोत्र गायला लावायचा आणि मंडळी गात असताना स्वतः चाबूक घेऊन बाहेर पडायचा. शेजारच्या ‘ब्लॅक बुल’ गुत्त्यात पीत बसलेल्यांना हाकलत चर्चमध्ये आणायचा, असं अजून सांगतात. त्याच्या बोलावण्यावरून मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली येई, तेव्हा माणसं चर्चमध्ये मावत नसत आणि प्रवचन दफनभूमीत व्हायचं. पण लोकांमध्ये श्रद्धेची आग पेटवली, की ती आपल्याच चुलीत राहील याचा भरवसा नसतो. ग्रिमशॉच्या प्रवचनांनी जागे झालेले काही जण बाप्टिस्ट झाले आणि त्यांनी वेस्ट लेनवर वेगळं चॅपल काढलं. बाप्टिस्ट म्हणजे मोठ्या माणसालाही पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे. त्यावर ग्रिमशॉ म्हणे कुरकुरला, की माझी कोंबडीची पिल्लं बदकं व्हायला लागली! पुढे १७५८ मध्ये त्यानं स्वतःच मेथडिस्टांसाठी चॅपल उभारलं. आपल्यामागून येणारा पाद्री कसा निघेल, सांगता येत नाही. निदान लोकांना एक दार उघडं असावं, हा हिशेब.

खरा तमाशा झाला १८१९ मध्ये. ब्रॅडफर्डच्या धर्मगुरूनं विश्वस्तांना न विचारता ब्राँटे बहिणींचे वडील पॅट्रिक ब्राँटे यांचं नाव पुढे केलं. गावाचा राग त्यांच्यावर नव्हता, न विचारण्यावर होता. ब्राँटेंनी ते ओळखलं आणि माघार घेतली. मग सॅम्युअल रेडहेड यांना पाठवण्यात आलं. पहिल्या रविवारी उपासना अर्ध्यावर असताना अख्खं चर्च उठलं आणि लाकडी तळाचे बूट फरशीवर खडखडवत बाहेर पडलं. दुसऱ्या रविवारी एक गडी गाढवावर उलटा, शेपटीकडे तोंड करून बसून थेट आत आला. डोक्यावर जुन्या टोप्यांची उतरंड. तिसऱ्या रविवारी धुराडी साफ करणारा एक झिंगलेला माणूस काजळी माखलेल्या अंगानं पाद्रीबुवांना मिठी मारायला पायऱ्या चढला. रेडहेडनी जीव वाचवायला आसरा घेतला तो ‘ब्लॅक बुल’मध्येच. ग्रिमशॉ ज्या गुत्त्यातून लोकांना चर्चमध्ये हाकायचा, त्याच गुत्त्यात आता पाद्री पळाला होता! एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ च्या शार्लट ब्राँटे-चरित्रात हा प्रसंग मीठमसाला लावून लिहिला आणि रेडहेडच्या घरच्यांनी त्याच्या तपशिलांवर आक्षेप घेतला. पण तीन आठवड्यांत पाद्री गेला, हे खरंच.

अखेर दोन्ही बाजूंचं जमलं आणि १८२० मध्ये तेच ब्राँटे, गावाच्या संमतीनं, बायको आणि सहा मुलांसह आले. ते १८६१ पर्यंत, मरेपर्यंत राहिले. त्यांचे मदतनीस आर्थर निकोल्स यांना एकच गोष्ट खुपायची: गावातल्या बायका धुणं वाळत घालायच्या ते थडग्यांवर. निकोल्सनी ही वहिवाट बंद पाडायचा चंग बांधला, तेव्हा ब्राँटेंनी त्यावर चक्क विनोदी कविता रचली. याच निकोल्सशी १८५४ मध्ये शार्लटचं लग्न ठरलं आणि लग्नाच्या आदल्या रात्री वडिलांनी जाहीर केलं, मी चर्चमध्ये येणार नाही. कन्यादान केलं शार्लटच्या जुन्या शिक्षिकेनं, मिस वूलर यांनी.

थडग्यांची खरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ब्राँटेंनीच पाठपुरावा करून बोलावलेल्या सरकारी निरीक्षक बेंजामिन बॅबेजनं १८५० मध्ये लिहून ठेवलं: इथे मरणाचं सरासरी वय २५.८ वर्षं, आणि शंभरातली ४१ मुलं सहा वर्षांची होण्याआधीच जातात. दफनभूमी तुडुंब भरलेली, आणि वर आडव्या शिळा इतक्या दाट की झाडझाडोरा उगवायलाही जागा नाही.

ब्राँटेंनंतर आलेले जॉन वेड यांना जुनी, कोंदट इमारत नकोशी झाली. १८७९ मध्ये त्यांनी ती पाडायला काढली. विरोधाचा आवाज पार बाहेरगावाहून उठला, पण कुदळ थांबली नाही. तीन रविवारांत पाद्री पळवणाऱ्या गावात हे कसं चाललं? उत्तर जुनंच आहे. नव्या चर्चसाठी ५००० पौंड देऊ केले होते गावातले गिरणीमालक मायकेल मेरल यांनी. या खेपेला थैली पाद्र्याच्या बाजूला होती.

जुन्यापैकी मनोरा तेवढा राहिला. ब्राँटे इथेच उभे राहून बोलायचे, असं समजून लोक आज ज्या छताखाली हळू आवाजात बोलतात, ते छत ब्राँटेंनी कधी पाहिलंच नाही.