पिंपातलं पाणी कधी बदललं?

माझी सगळी नोकरी भंडारा जिल्ह्यात, जनावरांच्या दवाखान्यात गेली. दिघोरीच्या बाजूला धानाला जोड म्हणून कोणी ब्रॉयलरची शेड टाकली की बाटली घेऊन यायचा : "साहेब, हे पाण्यातून किती देऊ?" पक्षी आजारी आहेत का, विचारलं तर म्हणायचा, "नाही जी, पण पडू नयेत म्हणून."

बिघाड इथेच सुरू होतो. निरोगी पक्ष्यांना रोज थोडं थोडं अँटिबायोटिक मिळालं की पोटातले कमजोर जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि तेच वाढतात. हा गुण एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीलाही देऊ शकतो. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचं म्हणून राखलेलं औषध. त्याला निकामी करणारं आणि एका जंतूतून दुसऱ्यात जाणारं जनुक चीनमध्ये डुकरांत सापडल्याचं २०१५ साली जाहीर झालं. भारताने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व इतर खाद्य-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

विक्रीआधी काही दिवस औषध थांबवा, असं आम्ही सांगायचो. त्याने मांसातला औषधाचा अंश जातो. जंतू जात नाहीत.

ते पसरतात दुकानात. कापलेली कोंबडी गरम पाण्याच्या पिंपात बुडवतात. पाणी उकळतं ठेवलं तर कातडी शिजते, म्हणून ते त्याहून बरंच कमी तापवतात. पाणी बदललं नाही तर रक्त, विष्ठा त्यातच साचत जाते. मग पिसं काढायचं मशीन : आतली रबरी बोटं एका पक्ष्याची घाण पुढच्याला लावतात. आतडं फुटलं तरी तुकडे त्याच ठोकळ्यावर, त्याच सुरीने. साल्मोनेला, ई. कोलाय आपल्या पिशवीत येतात ते असे.

रस्सा नीट उकळला की हे सगळे मरतात, हट्टी जंतूसुद्धा. पण नळाखाली चिकन धुताना शिंतोडे उडतात, त्याच पाटावर सांभार, कांदा चिरला जातो, आणि तो कच्चाच ताटात पडतो. धडधाकट माणसाचे जुलाब बहुधा आपोआप थांबतात. तान्ह्या लेकराला, म्हाताऱ्याला औषध लागतं, आणि ते लागू पडेलच असं नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख माणसं गेली.

शेडवाल्या भावांनो, लस वेळेवर द्या, खालचं धानाचं तूस कोरडं ठेवा, हवा खेळती राहू द्या. औषध फक्त आजारी पक्ष्याला, डॉक्टरांना विचारून. आणि चिकन घेणाऱ्यांनी पिंपातलं पाणी कधी बदललं ते विचारावं, ठोकळा धुवून घ्यावा. घरी मात्र चिकन नळाखाली धुऊ नका.