लाल सोने

सोन्याचा रंग कोणता, असे वर्गात विचारले तर सगळी मुले एका सुरात ‘पिवळा’ म्हणतील. पण सोन्याचे २०-३० नॅनोमीटर व्यासाचे कण पाण्यात विखुरले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) मायकेल फॅरेडे यांनी असे लाल द्रव तयार केले आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे, असे १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले.

सोने तेच, मग रंग का बदलला?

धातूत मुक्त इलेक्ट्रॉन असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे कणाच्या कितीतरी पट मोठी. त्यामुळे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने कणातले सारे मुक्त इलेक्ट्रॉन एकदमच एका बाजूला सरकतात. मागे राहिलेला धनभार त्यांना परत खेचतो. झोपाळ्याप्रमाणे या हेलकाव्यांचीही स्वतःची एक वारंवारता असते. प्रकाशाची वारंवारता तिच्याशी जुळली, की हेलकावे फार मोठे होतात. यालाच प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. पाण्यातल्या सोन्याच्या बारीक कणांसाठी हा मेळ सुमारे ५२० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी बसतो. पांढऱ्या प्रकाशातला हिरवा भाग मुख्यतः कमी होतो आणि आरपार आलेला प्रकाश लाल दिसतो.

हा हिरवा प्रकाश जातो कुठे? काही शोषला जाऊन त्याची उष्णता होते, तर काही सर्व दिशांना विखुरतो. म्हणजेच त्याचे विकिरण होते. कणाचा व्यास दुप्पट केला तर शोषण सुमारे ८ पट वाढते, पण विकिरण ६४ पट! म्हणून बारीक कण मुख्यतः प्रकाश शोषतात, तर मोठ्या कणांत विकिरणाचा वाटा वाढत जातो. मग रंग कोठून पाहतो यावरही अवलंबून राहतो. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन ‘लायकर्गस चषक’ बाहेरून उजेड पडला की हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला की लाल. त्याच्या काचेत सोने-चांदीचे सूक्ष्म कण आहेत. अशा विकिरणाचे गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ साली मांडले.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दुधाचे काही थेंब टाका. अंधार करून एका बाजूने विजेरी धरा. कडेने पाहिल्यास पाणी निळसर आणि समोरून पाहिल्यास विजेरी पिवळसर दिसेल. जे कडेला गेले, ते समोर कमी पडले! मात्र दुधात मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून तेथे अनुनादही नाही. आखूड तरंगलांबीचे विकिरण अधिक होते, एवढेच. हा फरक मुलांना जरूर सांगावा.

सोन्याच्या लाल द्रवात मीठ टाकले तर कण एकमेकांना चिकटतात, अनुनाद लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि द्रव निळा होतो. कोविडच्या साथीत अनेकांनी घरी वापरलेल्या चाचणीपट्ट्यांपैकी पुष्कळांवरची लाल रेघही सोन्याच्या अशाच कणांची होती.

पदार्थाचे गुणधर्म शिकवताना आपण रंग सहज यादीत लिहितो. त्यापुढे ‘तुकडा केवढा?’ हा प्रश्नही मुलांना विचारू या.